मशीहा आला की यायचाय

मशीहा या शब्दाची जगात सर्वांत जास्त काळजी कुणाला असेल, तर ती आमच्या राहुरीच्या घरमालकांना. पोप वगैरे मंडळी त्यांच्यानंतर. मी त्यांच्याकडे खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवून एवढंच म्हणाले, "येशू ख्रिस्त. यातलं ख्रिस्त हे काय?"

मी म्हणालो, "आडनाव."

"अज्ञान आहे, पण उघड आहे," ते म्हणाले. "राहा."

ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर, चर्चमध्ये रविवारी मुलांचा वर्ग घ्यायचे. त्यांना सगळं गाव 'सर' म्हणे. ख्रिस्त हे आडनाव नसून पदवी आहे, मूळ हिब्रू शब्द मशीहा, त्याचंच ग्रीक रूप ख्रिस्त, आणि दोन्हींचा अर्थ अभिषिक्त, म्हणजे देवाने तेल ओतून नेमलेला, हे राहुरीतल्या प्रत्येक माणसाला कळल्याशिवाय आपण डोळे मिटायचे नाहीत असा त्यांचा निश्चय होता. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी टाकी खांद्यावर असतानाच हे समजावलं होतं. दूधवाल्या मावशी तर पुढे पुढे फाटकातूनच ओरडत, "सर, त्याल वतल्याला! ध्येनात हाय माज्या! आता पातेलं आना!" एखाद्या वर्तमानपत्राने कुणा आमदाराला 'शेतकऱ्यांचा मसीहा' म्हटलं की सर त्याच दिवशी संपादकांना पोस्टकार्ड टाकायचे : 'सदर आमदारांचा अभिषेक कोणी, केव्हा व कोणत्या तेलाने केला, याचा खुलासा व्हावा.' खुलासा कधी आला नाही. पोस्टकार्डं मात्र थांबली नाहीत.

अशा माणसाला देवाने जिवलग मित्र दिला तो मोझेसकाका. कृषी विद्यापीठात माती तपासण्यात त्यांची सारी नोकरी सरली होती. मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणात पिढ्यान् पिढ्या मुरलेले ज्यू. राहुरीत ज्यूंचं घर तेवढं एकच. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र वार, असल्याने काका कुठे जात नसत, म्हणून सर त्यांच्याकडे जात. संध्याकाळी पाचला वाद सुरू होई. काकू चहा घेऊन येत, कुणाची बाजू वर आहे ते बघत आणि हरणाऱ्याला चिवडा जास्त वाढत.

"मास्तर, मशीहा म्हणजे दावीदाच्या घराण्यातला राजा," काका शांतपणे सांगत. "तुमच्या-माझ्यासारखा माणूस. देव नव्हे. तो आला की लढाया थांबतील, आमचे विखुरलेले लोक गोळा होतील, जगात न्याय होईल. आज सकाळचा पेपर वाचलात ना? झालंय यातलं काही? मग आला कसा म्हणता?"

"तिथंच गफलत होते तुमची!" सर खुर्चीच्या कडेवर येत. "सगळ्यांना घोड्यावरचा राजा पाहिजे होता. हा गाढवावर बसून आला. मारणारा नव्हता, मरणारा होता. आमच्या पापांसाठी मेला, उठला. आता परत येईल तेव्हा ते राज्य पुरं होईल."

"एवढा आला होता, तर काम तेव्हाच का नाही पुरं केलं?"

"सुरू करून गेलाय."

"सार्वजनिक बांधकाम खातं पण हेच सांगतं, मास्तर."

यावर सर ताडकन उठत, "पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही" म्हणत आणि हेल्मेट विसरून जात. पाच मिनिटांनी ते न्यायला परत आले की उरलेला चहा पीत. एकवीस वर्षं हे असं चाललं होतं, असं काकू सांगत. दोघांनीही एकमेकांना तसूभर हलवलं नव्हतं. शनिवारी सरांना ताप असला तर काका रविवारी स्वतः येऊन त्यांच्या उशाशी बसत आणि वाद तिथे पुरा करत.

मोझेसकाका गेले ते सकाळी अंगणात पेपर वाचताना. पुण्याहून भाचे आले. दफन पुण्याला त्यांच्या लोकांच्या कबरस्तानात झालं. सर तिथे एका कोपऱ्यात उभे होते. जमलेल्यांपैकी कुणालाही त्यांनी मशीहा समजावला नाही. मी त्यांना प्रथमच असं पाहत होतो.

काकूंची एकच इच्छा होती. सातव्या दिवसाची प्रार्थना राहुरीला, काका राहिले त्या घरात व्हावी. तिच्यात मृतासाठी म्हणायचं एक स्तवन असतं, आणि ते म्हणायला दहा ज्यू पुरुष हजर असावे लागतात. पुण्या-ठाण्याहून दहाजण यायचे ठरले होते. आले नऊ. दहावा तापाने फणफणला होता. दुपारचे दोन वाजले होते आणि काकू आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

सरांनी एका भाच्याला बाजूला घेतलं. "मी चालणार नाही का?"

"सर, ज्यू लागतो."

"माझा मशीहा ज्यू होता. तेवढ्यावर भागत असेल तर बघा."

भाचा हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. त्याने नकारार्थी मान हलवली.

सर माझ्याकडे वळले. "गाडी काढ. नगरला जायचंय."

नगरला स्टेशनजवळ एक निवृत्त रेल्वे गार्ड राहत. तेही बेने इस्राएल. फार वर्षांपूर्वी गाडी लेट असताना सरांनी त्यांना फलाटावरच्या बाकावर गाठून तीन तास मशीहा समजावला होता. तेव्हापासून ते सरांना पाहून रस्ता बदलत. आम्ही बेल वाजवली. दार चार बोटं उघडलं.

"मशीहा आला का नाही, हे विचारायला आला असाल तर मी घरी नाही."

"मोझेस गेला," सर म्हणाले. "दहात एक कमी पडतोय. चला."

दार उघडलं. म्हातारबुवा दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून उभे होते. "येतो. पण वाटेत तो विषय नको."

"शब्द दिला."

विळदपासून राहुरीपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरमागे आमची गाडी रांगत होती आणि सर ओठ घट्ट मिटून बसले होते. देहऱ्याजवळ एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं : 'गोरगरिबांचा मसीहा.' सरांनी पुढची सीट दोन्ही हातांनी गच्च धरली. त्यांच्या कपाळावर घाम आला, पण ते बोलले नाहीत. गार्डसाहेबांनी हळूच त्यांच्याकडे पाण्याची बाटली सरकवली.

दिवस मावळायच्या आत प्रार्थना झाली. दहा पुरुष आत, सर डोक्याला रुमाल बांधून उंबऱ्याबाहेर. त्या स्तवनाची भाषा आम्हा दोघांनाही अनोळखी होती. पण मध्येच एक शब्द आला आणि सरांनी चमकून मान वर केली. तो त्यांचाच शब्द होता. भाच्याने नंतर अर्थ सांगितला : देव आपला मशीहा लवकर जवळ आणो. सगळे 'आमेन' म्हणाले. त्यात सर्वांत मोठा आवाज उंबऱ्याबाहेरून आला.

गार्डसाहेबांना नगरला सोडून परतताना मी विचारलं, "सर, तुमचा तर आलाय ना? मग आमेन कसं म्हणालात?"

"गाडी चालव," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "मोझेससाठी म्हणालो."

आता माझी बदली झाली आहे, पण राहुरीवरून जाणं झालं तर मी शनिवार बघून जातो. सर अजूनही पाचला काकूंकडे असतात. पहिल्या शनिवारी दोघं नुसती बसून राहिली होती म्हणे. मग काकूच म्हणाल्या, "भावजी, बोला काहीतरी. या वेळेला या घरात इतकं शांत कधी नव्हतं." भांडायला समोर कुणी नाही, म्हणून सरांनी दोन्ही बाजू स्वतःच मांडायला घेतल्या. आधी आपली, मग मोझेसकाकांची. कुठे चुकलं तर काकू सांगतात, "असं नव्हते म्हणत ते. जरा सावकाश म्हणायचे." मग सर तेच वाक्य पुन्हा, सावकाश म्हणतात.

परवा मी दारात पोचलो तेव्हा सर चांगलेच हरत होते. काकू त्यांना चिवडा वाढत होत्या.