तुळसाबाईची मूठ

आसेगावात एके काळी कोण किती श्रीमंत हे ठरवायला रुपया लागत नसे. खाऊन, पेरून, आल्यागेल्याला घालून घरात किती ज्वारी उरते, एवढं विचारलं की माणसाचं माप निघे. मंगरूळच्या बाजारातला एखादा सावकार चांदीचं कडं मिरवत आला, तरी गावच्या म्हाताऱ्या आधी त्याच्या घरच्या कणगीची चौकशी करत. हिशेब सोपा होता आणि पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालला होता. तो बिघडला तो गावचा एक माणूस ज्या मुलखात ज्वारीच नाही अशा मुलखात गेला तेव्हा.

तो माणूस म्हणजे तुळसाबाईचा नवरा जगदेव. जर्मनीच्या लढाईचे दिवस होते. मजुरांच्या पलटणीत नाव घालून तो वाशीमवरून जो गेला तो थेट दर्यापारच्या बसऱ्याला. तिकडं महिन्याला वीस रुपये, ही बातमी त्याच्या आधीच गावात येऊन बसली होती. इथं सालदाराला वर्षभर राबून जे मिळे, ते जगदेवाला तीन-चार महिन्यांत. मग काय, लोकांच्या जिभेला पाय फुटले. कोणी म्हणे तो चामड्याचे बूट घालून झोपतो. कोणी म्हणे दोन्ही वेळा खजूर खातो. ज्या गावात बाळंतिणीलाही मोजून दोन खारका मिळत, तिथं रोज खजूर खाणारा माणूस म्हणजे राजाच की! तुळसाबाई विहिरीवर आली की बाया घागरी बाजूला सरकवून तिला वाट देत, अन् ती वळली की तिच्या फाटक्या लुगड्याकडं पाहून एकमेकींना कोपरानं ढोसत. बसऱ्याची राणी, म्हणत.

राणीच्या घरात मात्र दिवाळीनंतर काहीच आलं नव्हतं. ना निरोप, ना पैसा.

शेत दोघा भावांचं सामाईक. थोरला उकंडराव ते कसत होता आणि रास झाली की अर्धी ज्वारी तुळसाबाईच्या कणगीत जात होती. त्या वर्षी उकंडरावाच्या डोक्यात हिशेब शिरला. माणूस वाईट नव्हता, पण हिशेब एकदा शिरला की बाहेर निघेना असं त्याचं डोकं होतं. ओट्यावर बसून, तुळसाबाई आत चुलीशी आहे हे पाहून, तो आईला म्हणाला, "बाई, मी उन्हात मरून राह्यलो. तिकडं ज्याले वीस रुपये भेटते, त्याची बायको इकडं अर्धी रास कायले नेते?"

भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तोंडातोंडी बोलायची रीत नव्हती. तुळसाबाईनं आतूनच, फुंकणी खाली ठेवून, सासूला सांगितलं, "आत्याबाई, त्यायले म्हणा, तिकडचे वीस म्हंजे इकडचे वीस नाहीत."

सासू गोजराबाई मध्ये बसली होती आणि दोन्हीकडं मान डोलवत होती. तिला दोघांचंही पटत होतं.

आता हे खरं कसं ठरावं? गावात बसरा पाहिलेला एकच माणूस होता. गावाबाहेरच्या तांड्यावरचा दौलतसिंग. जगदेवाच्याच पलटणीत होता, तापानं खंगला म्हणून दिवाळीला परत पाठवलेला. दिवसभर घोंगडी पांघरून उन्हात बसे. त्यानं तिकडची महागाई सांगावी आणि मापारी पुंजाजीनं ती ज्वारीत मोजावी, असं चार जाणत्यांनी ठरवलं. जगदेवाच्या महिन्याच्या पगारात इथल्या भावानं जेवढी ज्वारी येईल तेवढी खळ्यावर ओतायची. तिकडचा एकेक खर्च त्या राशीतून काढत जायचा. शेवटी रास उरली तर जगदेव पोटापुरता श्रीमंत. मग त्याच्या बायकोनं त्याच्यावर जगावं आणि शेत उकंडरावाला सोडावं. काहीच उरलं नाही, तर अर्धा वाटा तुळसाबाईचा, आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

असा हिशेब आसेगावकरच करू जाणे. पण तुळसाबाईला तो पटला. नवरा गरीब निघाला की तिचं शेत वाचणार होतं. म्हणून आदल्या दिवशी ती पदराखाली तिळाचे लाडू घेऊन तांड्यावर गेली.

"दादा, तिकडची महागाई सांगतानी हात आखडू नका."

दौलतसिंगानं लाडू हुंगला. "भाभी, मी काय खोटं सांगू काय?"

"खोटं नका सांगू. खरंच सांगा, पण पोटभर सांगा."

तो हसला. तापातून उठल्यापासून तो पहिल्यांदा हसला, असं नंतर तांड्यावरच्या बाया सांगत. त्यातलं खरं किती आणि लाडवाचं किती, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी खळ्यावर माणसं जमली. मोजणीच्या रिती पुंजाजी मापारी फार कडक पाळे. चपला बाहेर. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. माप चालू असताना मापाऱ्याखेरीज कोणी अवाक्षर काढायचं नाही, नाहीतर राशीची बरकत जाते. राशीवर कोणाची सावली पडू द्यायची नाही, म्हणून सगळ्यांनी उत्तरेच्या अंगाला बसायचं. हिवाळ्याचं ऊन दक्षिणेकडून येतं. दक्षिणेची बाजू मोकळी. आणि सगळ्यांत शेवटची रीत: माप कधी पूर्ण रिकामं ठेवायचं नाही. रास संपली तरी मूठभर दाणे पायलीच्या तळाशी राहिले पाहिजेत. रिकामी पायली फक्त मयताच्या घरी पालथी घालतात.

बोलायचं नाही म्हणून दौलतसिंगानं खर्च आधीच सांगून टाकले. पाणीसुद्धा इकत घ्या लागते, तो म्हणाला, आणि लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. लाकूड तोलून. मीठ-मिरची सोन्याच्या भावात. मुकादमाचा हप्ता. आजारी पडलं की रोजी बंद. उकंडरावानं खजुराचं विचारलं.

"खजूर? खजूर तं घोडे खाते."

हे ऐकून गोजराबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतके दिवस ती ज्या खजुरावर पोराला राजा समजत होती, तो घोड्यांचा चारा निघाला.

मग पुंजाजी मांडी घालून बसला. रास चांगली कमरेएवढी होती, पिवळीधमक. दौलतसिंगानं घोंगडीतून एक हात बाहेर काढला. एकेका खर्चाला तो बोटं दाखवी, पुंजाजी मान हलवी आणि तेवढ्या पायल्या राशीतून काढून बाजूच्या पोत्यात ओती. "लाभ... दोन... तीन..." त्याचा आवाज तेवढा खळ्यावर. रास अर्धी झाली. तुळसाबाईला पदराआड हसू येत होतं. लाडू लागू पडला होता.

दौलतसिंगाचे सगळे खर्च संपले तेव्हा रास गुडघ्याएवढी उरली होती. त्यानं हात घोंगडीत घेतला. उकंडराव सावरून बसला. उरलं म्हणजे जिंकला.

पण पुंजाजी थांबला नाही.

त्यानं समोर पाहिलं, मान हलवली आणि आणखी दोन पायल्या काढल्या. पुन्हा पाहिलं, पुन्हा मान हलवली. तुळसाबाईला वाटलं, दौलतसिंगानं परत हात काढला असेल. तिनं वळून पाहिलं. त्याचे दोन्ही हात घोंगडीत होते आणि तोंड राखेसारखं झालं होतं. मग तिच्या लक्षात आलं, की पुंजाजी इकडं बघतच नव्हता. तो राशीपलीकडं, दक्षिणेकडं बघत होता. त्या मोकळ्या बाजूला कोणी बोटं दाखवत असल्यासारखं नीट पाहत होता, मान हलवत होता आणि मोजत होता.

विचारायची सोय नव्हती. बोललं की बरकत गेली. भर दुपार होती, ऊन स्वच्छ होतं, आणि राशीच्या दक्षिणेच्या उतारावर हळूहळू एक सावली चढत होती. तिकडं मळणीच्या तिवड्याचा खांबसुद्धा नव्हता.

रास वीतभर राहिली. मग ओंजळभर. तुळसाबाईला कळून चुकलं, की हा खर्च पाण्याचा नाही अन् लाकडाचा नाही. नवऱ्याच्या नावानं ओतलेल्या राशीतून कोणीतरी भलताच खर्च वसूल करत होतं. आणि ती रास संपावी म्हणून तिनं स्वतः तीळ कुटले होते. तिनं थांबवलं नाही, तर शेत तिचं. थांबवलं, तर शेत गेलं.

पुंजाजीनं शेवटचे दाणे पायलीत ओढले. तळाशी मूठ ठेवायची रीत तोच, जन्मभर पाळणारा, विसरला. त्यानं पायली पोत्यावर तिरपी केली.

तुळसाबाई उठली. चार पुरुषांत, भासऱ्यासमोर, पदर डोक्यावरून खाली आलेला. तिनं पायलीत हात घालून मुठीत मावले तेवढे दाणे धरले आणि मूठ छातीशी घेतली. बाकीचे पोत्यात सांडले.

"राहू द्या," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते तिलाच माहीत. ती दक्षिणेकडं पाहत होती. "त्यायले येवढं राहू द्या."

सावली गेली. पुंजाजीनं झोपेतून उठल्यासारखं इकडंतिकडं पाहिलं. पुढं त्याला कोणीही विचारलं, की तो शपथेवर सांगे: दौलतसिंग माझ्या समोरच बसला होता, राशीपलीकडं, आणि बोटं दाखवत होता.

मूठभर का होईना, उरलं. ठरल्याप्रमाणे शेत उकंडरावाला गेलं. तुळसाबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाऊ लागली आणि विहिरीवरच्या बायांना बसऱ्याच्या राणीचा खुरपं घेतलेला थाट पाहायला मिळाला. ती मूठ तिनं गाडग्यात घालून, फडकं बांधून, देवाजवळ ठेवली.

पुढच्या दसऱ्याला जगदेव आला. सडसडीत, पण धडधाकट. हिवाळ्यात पटकीनं त्याला मेलेल्यांच्या रांगेत नेऊन ठेवलं होतं, म्हणाला. दुपार होती. कोणीतरी उशाशी बसून त्याच्याकडून काहीतरी काढून काढून नेत होतं, पाण्यासारखं. मग अचानक तोंडाला ज्वारीची चव आली. त्या मुलखात ज्वारी नाही. त्यानं डोळे उघडले.

त्या दिवशी तुळसाबाईनं त्याच्यासाठी तीन भाकरी थापल्या. त्यानं एका भाकरीतला मुठीएवढा तुकडा खाल्ला आणि ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. नांगर धरे, ओझी उचले, पुढं पोरगाही झाला, पण दिवसाकाठी तुळसाबाईच्या मुठीत मावेल तेवढ्या ज्वारीच्या वर एक घास नाही. जास्त वाढलं तर तेवढं बाजूला काढून ठेवी. एकदा तुळसाबाईनं मुद्दाम चिमूटभर कमी दळलं. त्यानं पहिला घास तोंडात घेऊन तिच्याकडं पाहिलं. "आज कमी हाय," एवढंच म्हणाला. तिनं पुन्हा तसं केलं नाही.

गावाला नवा वाद मिळाला. ज्याला दिवसाला मूठभर पुरतं तो गावात सगळ्यांत श्रीमंत की सगळ्यांत गरीब? दोन्ही वाटे खाऊन सावकारापुढं वाकलेला उकंडराव म्हणायचा, श्रीमंत. पारावर बसून लोकांनी यावर वीस-पंचवीस वर्षं तंबाखू चघळली.

तुळसाबाई त्या वादात कधी पडली नाही. तिला दुसरीच काळजी होती. दुसरी लढाई सुरू झाली तोवर तिची बोटं वाकडी होऊ लागली होती. तळहात सुकला. रोज सकाळी ती कणगीत हात घालून त्याच्यापुरती ज्वारी काढी, आणि मूठ पूर्वीएवढी भरत नसे. जगदेवाचे गाल आत जाऊ लागले. सून विजयमाला चांगल्या भरल्या हाताची होती. एकदा तिनं आपल्या मुठीनं ज्वारी काढून भाकर केली. म्हाताऱ्यानं ताट हातानं हळूच दूर केलं आणि बायको उठेपर्यंत उपाशी बसला.

त्या हिवाळ्यात तुळसाबाई दुपारची ओसरीत उन्हाला बसे. हात तेलात बुडवून बोटं उघडी, मिटी. पुन्हा उघडी, पुन्हा मिटी. समोर जगदेव खाटेवर बसलेला असे, त्या मुठीकडं पाहत.