डाव्या पाकळीचा कौल

गुरवाने देवाचाच कौल सांगितला, असे गाव म्हणते. ते साफ खोटे आहे. मी त्याच्या शेजारी उभा होतो. एकटा असला की तो माझेही बोलणे खोडून काढी. चौघांत मात्र दुसऱ्याच्या वाक्याचा शेवट तेवढा पुन्हा उच्चारी. हरताळात मासळी विकल्याचा आळ एका कोळणीवर आला. सकाळी तो मला म्हणाला, "दादा, ती त्या दिशी तापानं पडली व्हती. म्यां बघितलंय."

दुपारी मूर्तीला पाकळ्या लावून कौल घ्यायला देवळात गाव जमले. "डावी पाकळी पडली तर बाई वाळीत," एकजण म्हणाला.

"वाळीत," गुरव पुटपुटला.

मग जमावाकडे पाहत त्याने उजवी पाकळी ओली करून मूर्तीवर दाबली, डावी जेमतेम टेकवली. ती पडली. सगळे समाधानाने हात जोडून परतले. संध्याकाळी विहिरीवरून कोळणीला रिकाम्या हंड्याने परतवणाऱ्यांत तोही होता, सर्वांच्या मागे.