रुळातून गेलेला खांब

मुलगा आता बरा दिसायला लागला होता, आणि नेमकी तेव्हापासूनच आईची झोप उडाली होती.

तो दाढी करायला लागला होता. हाक मारली की जेवायला येत होता. न्हाणीतला गळका नळ त्याने न सांगता बदलला. शेजारीण जिन्यात भेटली तर म्हणाली, "आला बाई एकदाचा तुमचा लेक माणसांत!" आई तोंडदेखलं हसली, घरात आली आणि हातातली पिशवी खाली ठेवायचंही विसरून दाराशी उभी राहिली. कुणाला सांगणार? मूल आजारी असलं की लोक विचारपूस करतात. मूल बरं दिसतंय म्हणून जीव टांगणीला लागला, असं सांगितलं तर आईलाच वेड्यात काढतील.

मुलगा कुणी मोठा माणूस नव्हता. शहराबाहेरच्या करमणुकीच्या बागेत फिटर होता. तिथे 'उंदीर' नावाचा एक छोटा रोलर कोस्टर होता. दोन घरं कशीबशी मावतील एवढीच जागा, चौघांचे लहान डबे, आणि कडेवरून आता पडणार असं वाटेपर्यंत पुढे जाऊन मग झटकन वळणारा रूळ. बाग उघडायच्या आधी हा रुळाकडेच्या अरुंद फळीवरून चालत जायचा, हातोडीने एकेक बोल्ट ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा. घट्ट बोल्ट खणखणीत बोलतो, ढिला झालेला खोकतो, असं म्हणायचा. आवळलेल्या नटावरून बोल्टवर तो लाल रंगाची एक रेघ ओढायचा. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि चोरी पकडली जाते. ही खोड घरातही आली. पलंगाला लाल रेघ, शिलाई मशीनला लाल रेघ, कुकरच्या कानालाही लाल रेघ.

"ताई, एका जागी फार वेळ बसू नकोस," खालच्या मजल्यावर राहणारा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, म्हणायचा. "तुलाही रेघ ओढेल हा मोजपट्टी."

मोजपट्टी हे नाव मामानेच ठेवलं होतं. बागेतही तेच चालायचं आणि मुलालाही ते आवडायचं.

मग मालकांनी जमीन विकली. उंदीर भंगारात निघाला. तो पाडायला माहीतगार माणूस हवा, म्हणून सगळ्यांना घरी पाठवून मोजपट्टीला तेवढं ठेवून घेतलं. जो रूळ तळहाताच्या फोडासारखा जपला, तो त्याने स्वतः गॅसकटरने कापला. शेवटच्या दिवशी घरी आला, बराच वेळ हात धूत राहिला. आईने टॉवेल पुढे केला तर म्हणाला, "वास जात नाहीये."

नोकरी शोधली नाही असं नाही. चपला झिजवल्या. नव्या बागांना शिकलेली, कोवळी पोरं हवी होती. एका ठिकाणी तर त्याला उंदराचा मुखवटा घालून लहान मुलांशी हात मिळवशील का, असं विचारलं. तो तसाच परत आला. त्यानंतर त्याने घराबाहेर पाऊल टाकणंच हळूहळू सोडून दिलं.

तेव्हा तो कॉम्प्युटरवरचा खेळ घरात आला. मामानेच आणून दिला. त्यात आपली आपण बाग उभारायची, पाळणे बांधायचे, लोक येतात, तिकीट काढतात, किंचाळतात. इतर लोक त्यात डोंगराएवढे कोस्टर बांधतात म्हणे. मोजपट्टीने उंदराएवढीच जागा आखून घेतली आणि तेवढ्यात एक कोस्टर बांधायला घेतला. अगदी खराखुरा. डबे वर ओढणारी साखळी, तिची मोटर, मधेच डबा अडकला तर माणसांना उतरवायचा जिना, एकामागून एक येणारे डबे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून जागोजागचे ब्रेक. वळणावर मान किती हिसकते तेही तो खेळ दाखवायचा. आकडा लाल झाला की मोजपट्टी वळण मोडून पुन्हा बांधायचा.

आई भाजी निवडायला मुद्दाम त्याच्या खोलीत बसायची. निदान दोन शब्द तरी कानावर पडायचे.

"झालं का रे?"

"एक खांब राहिलाय. वरच्या वळणाला आधार द्यायचाय, आणि खाली जागाच नाही. जिथे टेकवावा तिथे खालचा रूळ आडवा येतो."

त्या एका खांबापायी त्याने सगळा कोस्टर कितीदा मोडला! एकदा मामा वैतागून म्हणाला, "अरे, त्यात सोय आहे ना? ती चालू कर, खांब रुळातून आरपार जातो. पोरंसोरं तेच करतात."

"मामा, तिथून माणसाचा हात जातो." मोजपट्टी खुर्चीतून अर्धा उठला होता. "लोक हात वर करतात. पाटी लावा, ओरडून सांगा, करतातच! खांब तिथे आला तर हात राहील का?"

"खेळ आहे रे बाबा."

"मग तू खेळ. मी नाही खेळत."

मामा पुटपुटत खाली गेला. आईला मात्र त्या रात्री गाढ झोप लागली. खांबासाठी का होईना, पोरगा भांडतोय. जो भांडतो तो अजून इथेच आहे.

आणि मग एका दुपारी त्याने दोघांना हाक मारली. कोस्टर पुरा झाला होता. डबा साखळीवरून वर चढला, वळला, खाली सुटला. पडद्यावरची इवलीशी माणसं हात उंचावून किंचाळली. मामाने टाळ्या वाजवल्या. आई डोळे बारीक करून पुढे वाकली. वरच्या वळणाचा खांब सरळ खालच्या रुळात घुसला होता. डबा त्या खांबातून गेला, माणसं गेली, वर केलेले हात गेले.

"अरे, हा खांब..."

"सोय चालू केली." मोजपट्टी हसला. त्या हसण्यात राग नव्हता, खंत नव्हती, काहीच नव्हतं. "काय फरक पडतो, आई? सुटलो एकदाचा."

दाढी केली ती दुसऱ्याच दिवशी. नळ बदलला तो त्याच आठवड्यात. हातोडी आणि पान्यांची पेटी त्याने कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला देऊन टाकली, फुकट. मग आईला स्टुलावर चढवून फ्यूज कसा घालायचा ते शिकवलं.

"तू आहेस की घालायला," आई म्हणाली.

"तुला यायला हवं."

आई स्टुलावरून उतरली. ती तशीच खाली मामाकडे गेली.

"तुझं काही कळतच नाही बघ," मामा म्हणाला. "खोलीत कोंडून घेत होता तेव्हाही रडलीस, आता चारचौघांसारखा वागतोय तरी रडतेस!"

"तो खांब पाहिलास ना तू?"

"खांबाचं काय घेऊन बसलीस?"

"तो असा खांब लावेल? आपला मोजपट्टी? त्याला आता कशाचंच काही राहिलेलं नाही रे. मी मनाच्या डॉक्टरांना विचारणार आहे."

मामाने उठून दार लोटून घेतलं. "हळू बोल. एकदा का बोभाटा झाला की मुलगी कोण देईल त्याला?"

"मुलीचं नंतर बघू. आधी मुलगा तर राहू दे."

आई वर आली. मोजपट्टी खिडकीशी बसला होता. कॉम्प्युटर बंद होता. ती त्याच्यासमोर बसली. आडवळणाने विचारायचं असं जिन्यात ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं.

"तुला जगावंसं वाटत नाही का रे?"

तो दचकला नाही. 'काहीतरीच काय' असंही म्हणाला नाही. तेवढं जरी म्हणाला असता तरी तिने ते पदरात घेतलं असतं. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं.

"कोणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "तू थकली आहेस, आई. चहा टाक."

ती स्वयंपाकघरात गेली. भांडं शेगडीवर ठेवलं, पण गॅस पेटवला नाही. आजवर त्याचं एकही गुपित तिने फोडलं नव्हतं. शाळेत नापास झाला तेव्हा नाही, नोकरी गेली तेव्हाही नाही. हे फोडलं तर तो कदाचित तिच्याशी पुन्हा बोलणार नाही. न बोलू दे. सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर तिने औषधाच्या दुकानदाराकडून सकाळीच घेतला होता. तिने फोन उचलला. दार लोटायला गेलेला हात तिने मागे घेतला. दार उघडंच राहू दे, ऐकू जाऊ दे त्याला, असं म्हणत ती मधल्या खोलीत, तो दिसेल अशी उभी राहिली आणि नंबर लावायला लागली.