मामा आणि वचनाची चतुःसीमा

देवाच्या वचनाने जिवाला शांती मिळते असं म्हणतात, आणि मिळतही असेल. पण तेच वचन माझ्या मामांच्या हाती लागलं की ऐकणाऱ्याला आधी बसायला खुर्ची द्यावी लागायची. आजवर मला जेवढे धक्के बसले त्यातले निम्मे एकट्या मामांनी दिले, आणि तेही बायबल मांडीवर ठेवून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, अगदी थंड आवाजात. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. नोकरीत असताना ते सरकारी मोजणीदार होते. वसईतल्या वाड्या, शेतं, मिठागरं, भावाभावांतले बांध, सगळं त्यांच्या मोजणीच्या साखळीखालून गेलेलं. निवृत्त झाले, मामी गेल्या, मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा त्यांनी बायबल मोजायला घेतलं. उशाशी पेन्सिल आणि लाकडी फूटपट्टी असायची. एका वेळी एका अध्यायापेक्षा कमी वाचायचं नाही, हा त्यांचा नेम. कुणी एकच ओळ वाचून दाखवली की ते विचारायचे, "याची चतुःसीमा काय?"

खरेदीखतात लिहितात ना, पूर्वेला अमक्याची वाडी, पश्चिमेला ओहोळ, उत्तरेला रस्ता, दक्षिणेला तमक्याचं शेत, तशी प्रत्येक वचनाची चतुःसीमा असते असं त्यांचं म्हणणं. कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, कुठल्या प्रसंगी बोलतंय, आणि आधी-नंतर काय लिहिलंय. या चार बाजू पाहिल्याशिवाय ज्याने वचन घरात आणलं त्याने दुसऱ्याच्या जागेत घर बांधलं, असं ते बिनदिक्कत सांगायचे. हा नियम त्यांनी बायबलपुरता ठेवला असता तरी चाललं असतं. माझं लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी त्यांना सांगितलं की बायकोला काय झालं विचारलं तर 'काही नाही' म्हणाली. मामांनी पेन्सिल खाली ठेवली. "ते वाक्य एकटं घेऊ नकोस," ते म्हणाले. "त्याच्या आधी तू काय बोललास ते सांग." मी सांगितलं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मला लगेच घरी जायला सांगितलं.

त्यांचा पहिला मोठा धक्का मी माझ्या मावसबहिणीच्या लग्नात खाल्ला. पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत बायबलमधल्या रूथचं वचन छापलं होतं, तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक. मांडवात सगळे त्या पत्रिकेचं कौतुक करत होते. मामा नवऱ्या मुलाला शुभेच्छा द्यायला स्टेजवर चढले, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "वचन फार सुंदर निवडलंत. फक्त हे बायको नवऱ्याला म्हणत नाहीये. विधवा सून सासूला म्हणतेय." फोटोवाल्याने नेमका तेव्हाच फोटो काढला. तो अल्बममध्ये आहे. नवरीचा चेहरा पाहवत नाही. नवऱ्या मुलाच्या आईने मात्र ती पत्रिका घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि ती पुढे कित्येक वर्षं त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती.

गोखिवऱ्याला माझ्या मित्राने प्लास्टिकचे डबे बनवायचा छोटा कारखाना काढला, तेव्हा तर मी मामांना बरोबर न्यायलाच नको होतं. फादर आशीर्वाद देऊन नुकतेच गेले होते. दारावर नवीन पाटी होती, तुझा आरंभ लहान असला तरी तुझा शेवट मोठा होईल, अशा अर्थाचं ईयोबाच्या पुस्तकातलं वचन. मामा पाटीखाली उभे राहिले. मी त्यांचा दंड धरला, पण उशीर झाला होता. "हे ईयोबाला त्याचा मित्र सांगतो," ते माझ्या मित्राला म्हणाले. "आणि शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. धंदा चांगला चालो." ते समोसा घेऊन बाहेर जाऊन बसले. मित्र माझ्याकडे बघत राहिला, मी पाटीकडे. धंदा चालला, पाटीही तिथेच आहे, पण तो मला अजून विचारतो की मामांना काही दिसलं होतं का.

आणि विरारचं ते घर. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी नवीन फ्लॅट घेतला होता. हॉलमध्ये फ्रेम करून लावलं होतं, तू मला नमन करशील तर हे सगळं तुझं होईल. कुठल्याशा कॅलेंडरवरून कापून त्यांनी ते मढवून घेतलं होतं. रोज सकाळी सगळं कुटुंब त्यापुढे मेणबत्ती लावून हात जोडायचं आणि मग गाडी पकडायला पळायचं. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "बाई, हे कोण बोलतंय ठाऊक आहे?" बाई भक्तिभावाने म्हणाल्या, "देव." मामा म्हणाले, "सैतान. येशूची परीक्षा घेताना." माझ्या हातातली बशी कलंडली. बाईंनी भिंतीला टेकून छातीवर क्रूसाची खूण केली. आत कुणीतरी चालू असलेला टीव्ही बंद केला. मामांनी उठून ती फ्रेम स्वतः उतरवली, बाईंच्या हातात दिली आणि खिळा चांगला आहे, त्यावर दुसरं काही लावा, असं सांगितलं.

हे सगळं ते चूक काढायला करत नसत. त्यांना खरोखर वाईट वाटायचं. शेजाऱ्याची जमीन चुकून दुसऱ्याच्या नावावर लागली तर जसं वाटावं तसं. एकदा प्रार्थनासभेत दोघं जण भांडले, झाडं टाळ्या वाजवतात असं लिहिलंय तर ती वाजवतात की नाही. मामांनी दोघांनाही गप्प केलं. म्हणाले, ते गाणं आहे, गाण्याला साखळी लावायची नसते. पत्र असेल तर पत्रासारखं वाचा, इतिहास असेल तर इतिहासासारखा, आणि जे वाचून तुम्हाला सगळ्यात जास्त बरं वाटलं ते दोनदा तपासा. हे शेवटचं वाक्य मी माझ्या डायरीत लिहून ठेवलं आहे.

फक्त एका माणसापुढे त्यांचं काही चाललं नाही, ती म्हणजे माझी आई. आई बोट ठेवणारी. डोळे मिटायचे, बायबल उघडायचं, बोट ठेवायचं, आणि जे येईल तो देवाचा निकाल. आमचा फ्रिज असा आला. माझं स्थळ असं ठरलं. तिचं बोट मेंढरांच्या मोजदादीवर पडलं होतं, आणि मेंढरं भरपूर होती म्हणून होकार गेला. मामा डोक्याला हात लावायचे. "अगं, डोळे मिटून काठी फेकायची आणि पडेल तिथे विहीर खणायची, असं आहे हे." आई म्हणायची, "लागतं ना पानी माझ्या विहिरीला? मग?" चाळीस वर्षं हे भांडण चाललं होतं, आणि दर रविवारी मामा तिच्याच हातचं कालवण जेवायला येत होते.

मग आईच्या पायाला जखम झाली. साखरेचा आजार तिला आधीपासून होता. चपलेने अंगठा सोलला, तिने हळद भरली, आम्हाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. ते म्हणाले, आठवड्याच्या आत ही दोन बोटं काढायला हवीत, नाहीतर विष वर चढेल, मग पायही हाती लागणार नाही आणि कदाचित आईही. आई घरी आली, डोळे मिटले आणि बोट ठेवलं. मी वाकून वाचलं. आसा राजाच्या पायाला रोग झाला, आणि त्या दुखण्यातही तो देवाकडे न जाता वैद्यांकडे गेला, असं तिथे लिहिलं होतं. पुढच्याच ओळीत राजा मेला. एवढ्या जाडजूड ग्रंथात नेमकं पायाचं दुखणं आणि नेमके वैद्य. आईने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "झालं. मी काय जात नाय."

मामा धावत आले. त्यांनी तिला मागचं पान वाचून दाखवलं. आसाने मंदिराचं सोनं देऊन परक्या राजाची मदत विकत घेतली, आणि हे चुकलं असं तोंडावर सांगणाऱ्या द्रष्ट्याला त्याने कोठडीत टाकलं. "वैद्याकडे गेला हा त्याचा गुन्हा नाही, बाय. खरं सांगणाऱ्याचं ऐकलं नाही, हा गुन्हा. तुला खरं कोण सांगतंय? डॉक्टर." इतकं सरळ, इतकं बरोबर मी मामांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आईने ऐकून घेतलं. "तुझी मोजनी तुझ्याजवळ ठेव दादा," ती म्हणाली. "बोट माझं हाय." मामा न जेवता गेले. रविवार होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले, काखेत स्वतःचं बायबल घेऊन. आईसमोर बसले आणि म्हणाले, "पुन्हा बोट ठेव. या वेळी माझ्या बायबलवर." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. चाळीस वर्षं ज्या प्रकाराला ते आंधळेपणा म्हणत आले तोच ते स्वतःच्या तोंडाने मागत होते. आई त्यांच्याकडे एकटक पाहत राहिली. मग तिने पुस्तक मांडीवर घेतलं. ते आपोआप उघडलं. तिने डोळे मिटून बोट ठेवलं आणि मला म्हणाली, "वाच."

मी वाचायला सुरुवात केली. हिज्कीया राजा आजारी पडला, आणि संदेष्ट्याने येऊन त्याला सांगितलं की घराची निरवानिरव कर, तू आता जगणार नाहीस. मी मामांकडे पाहिलं. तेवढा घाबरलेला माणूस मी पाहिलेला नाही. आईने पुस्तक मिटायला हात पुढे केला तेव्हा मामांनी तो हात धरला. "मिटू नको, बाय," ते म्हणाले, आणि त्यांचा तो थंड आवाज पार फुटला होता. "पुढे वाच. तुझ्या पाया पडतो, पुढचं वाच."

मी पुढे वाचलं. राजाने भिंतीकडे तोंड केलं आणि तो रडला. संदेष्टा अजून अंगणातच होता, तेवढ्यात देवाने त्याला परत पाठवलं की त्याला सांग, मी तुझं रडणं ऐकलंय, तुला आणखी पंधरा वर्षं देतो. मग संदेष्ट्याने अंजिरांचा लेप आणायला सांगितला, तो गळवावर लावला आणि राजा बरा झाला. आईने ते शेवटचं पुन्हा वाचायला लावलं.

"वर्षं देवाने दिली ना?"

"हो."

"तरी लेप लावला?"

"तरी लावला," मामा म्हणाले.

आईने पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या डॉक्टरला फोन कर."

मामांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो तेव्हा ते चालेनात. कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर बसले आणि मला सगळं सांगितलं. दोन दिवस त्यांनी ते पान उघडून, पुस्तक पालथं घालून वर मसाल्याचा पाटा ठेवला होता, तिथेच उघडावं म्हणून. बोट अंजिरांवर पडेल असा त्यांचा अंदाज होता. "वरच्या अंगाला पडलं," ते म्हणाले. "मी जन्मभर लोकांच्या हद्दी राखल्या रे. कुणाचा दगड वीतभर हलू दिला नाही. आज बहिणीसाठी स्वतः हलवला." शनिवारी ते चर्चमध्ये फादरकडे पापाच्या कबुलीला जाऊन आले. फादर काय म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यानंतर कितीतरी महिने त्यांनी कुणाचं वचन दुरुस्त केलं नाही.

आईची दोन बोटं गेली, पाय वाचला, आई वाचली. मामा गेल्या वर्षी गेले, झोपेतच. त्यांना पोचवून परत येताना आई माझा हात धरून सावकाश चालत होती. मध्येच म्हणाली, "त्या दिवशी पुस्तक मांडीवर घेतलं नं, तवाच कळलं मला. पानाला मिरचीचा वास येत होता."

मी थांबलो. "मग तुला ठाऊक होतं? तरी बोट ठेवलंस?"

"दादाने जन्मात कुनासाठी लबाडी केली नाय. माझ्यासाठी केली," ती म्हणाली. "म्हटलं, एवढी हवी हाय मी त्याला, तर जाऊया डॉक्टरकडं. बोट कुठंही पडलं असतं तरी गेले असते."

"त्यांना सांगितलंस कधी?"

"नाय. त्याला वाटत होतं, पुढचं वाचलं म्हनून मी ऐकलं. किती बरं वाटलं होतं त्याला. ते कशाला काढून घ्यायचं?"

तिने डोळे पुसले आणि माझ्या हातावरचा भार जरा वाढवला. घर अजून बरंच लांब होतं.