बोर्डानं बोलावलं तेव्हा

दवाखान्यातल्या नळावर मी यांचा डबा धूत होते, तेवढ्यात नर्सबाई येऊन म्हणाल्या, "बाई, आत चला." तोंडावरूनच कळलं. सहा आठवडे झाले. विषमज्वरानं नेलं हो माझ्या माणसाला! पलटणीतून मात्र जिवंत आले होते. फक्त तोफेच्या धमाक्यानं दोन्ही कान गेले होते… समोर उभं राहून ओरडलं तर थोडं कळे, बाकी सारं ओठ पाहून.

पलटणीतून आल्यावर केलेला अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज सरकारी कचेरीनं फेटाळला होता. कारण काय, तर कान भरतीच्या आधीपासूनच खराब! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सातवी शिकलेली बाई मी, अपील लिहायलाच बसले. यांनी कागदावर हात ठेवला. "कावून लिहून राहिली व? इथं समजलं तर कामावरून काढतीन. मंग कुठं जाचं?" भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि हे ठेकेदाराच्या गँगमध्ये क्रेनखाली ओझी बांधणारे खलाशी होते. तिथं सारं काम हातांच्या इशाऱ्यावर, म्हणून बहिरेपण झाकून राहिलं होतं. "अवो, हक्काचं हाये, भीक नाही," मी म्हटलं आणि सही घेतलीच. पण त्या दिवसापासून मीच भ्याले. आमच्या कुरुद वस्तीच्या रस्त्यावर पोस्टमन दिसला की सरकारी पाकीट कुणी पाहील म्हणून मी आधीच धावत जायची.

अपिलावर पलटणीच्या मेडिकल बोर्डानं तपासणीला बोलावलं. डॉक्टर पाठीमागून हळूच आकडे बोलणार, ऐकू आले तर यांनी सांगायचे. गप्प बसायचं, एवढंच काम! पण समोरच्या कपाटाच्या काचेत डॉक्टरचे ओठ दिसले आणि यांनी सारे आकडे बरोबर सांगून टाकले. अपील नामंजूर. मी कपाळावर हात मारला. "एक डाव तरी बहिरं व्हाचं होतं ना!"

"भेव वाटलं व," ते रडकुंडीला आले. "चुकलो तं काम जाईन, असंच वाटलं."

यांच्यामागं पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना ठेवली, तेव्हा गँगचे मुकादम आले होते. चहा घेता घेता म्हणाले, "भाभी, त्याले ऐकू येत नाही, हे आमाले पहिल्या हप्त्यातच मालूम झालं होतं. सारे सामने जाऊनच इशारा करत होतो."

"मग त्यांना सांगितलं कावून नाही?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"भेव वाटे, भाभी. बोललो आन साहेबाच्या कानावर गेलं तर?"

मला मुकादमांचा राग आला, माझा आला, यांचाही आला. खरं सांगते, अजून गेला नाही.

काही सांगायचं असलं की मी अजूनही आधी यांच्या रिकाम्या खाटेसमोर जाऊन उभी राहते. मग तोंड उघडते.