परुळेकरकाका आणि हरलेली घराणी

परुळेकरकाका लढाई सांगायला बसले की आधी मेसचं टेबल पुसून घेत. मग आमटीच्या वाट्यांचे डोंगर, खुबूस रोटीच्या तुकड्याचा किल्ला आणि ताकेदा घराण्याचे घोडेस्वार म्हणून हिरव्या मिरच्या. ओमानमधल्या दुक्मच्या आमच्या कॅम्पात एकतीस माणसं होती. साडेचारशे वर्षांपूर्वी जपानातली कुठली घराणी कुठल्या खोऱ्यासाठी एकमेकांच्या जिवावर उठली होती, हे आमच्या वेल्डरलासुद्धा पाठ झालं होतं.

काका कुडाळजवळचे, साइटवरचे फोरमन. तरुणपणी एका जपानी इंजिनियरच्या हाताखाली काम करताना त्यांना हा नाद लागला. त्या साहेबाचे पूर्वज एका लहानशा सरदाराचे सामुराई होते आणि शेजारच्या बड्या घराण्याने त्यांचा मुलूख गिळला होता. त्यामुळे असेल, पण काकांचं मन हरलेल्यांपाशीच रमे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "हरल्यांचा आयक. जिकल्यांचा सांगूक बरेच आसत."

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात आमचं काम बंद पडलं. कंत्राटदाराची माणसं मस्कतला म्हणून गेली ती परतलीच नाहीत. आमचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात. जनरेटरचं डिझेल संपलं, पाण्याचा टँकर चार-चार दिवसांनी येऊ लागला. दुपारी पत्र्याच्या खोलीत श्वास घेववत नसे. एकतीसपैकी एकोणीस जणांना काकांनीच आपल्या पंचक्रोशीतून आणलं होतं. ते रोज मस्कतच्या ऑफिसला फोन लावत आणि रोज तिकडून "इन्शाल्ला" ऐकून ठेवून देत.

एके दिवशी भिवा सुतार उन्हाने कोसळला. काकांनी स्वतःच्या वाटणीचं पाणी त्याच्या अंगावर ओतलं. त्या संध्याकाळी त्यांनी ताकामात्सूचा किल्ला सांगितला, टेबलावर काही न मांडता. शत्रूने बांध घालून नदीचं पाणी किल्ल्याभोवती सोडलं. मोरी घराण्याची फौज मदतीला आली, पण पाण्यापलीकडेच अडकली. शेवटी किल्लेदार एकटा होडीतून बाहेर आला आणि दोन्ही सैन्यांसमोर त्याने आपला प्राण दिला. त्याच्या बदल्यात आतली माणसं सुटली.

मी घाबरलो. त्यांच्या मागोमाग बाहेर जाऊन विचारलं, "काका, हे आजच का सांगितलंत?"

ते वाळवंटाकडे बघत होते. "भिया नको. जीव देऊक समोर घेणारो तरी व्हयो ना. हंयसर आमका कोणी वेढो घातलेलो नाय रे. नुसते इसारले आमका."

दुसऱ्या दिवशी मासळीच्या ट्रकमधून ते मस्कतला निघाले. पाचव्या दिवशी बस घेऊन आले. तिथल्या रुवी भागातल्या ऑफिसच्या दारात ते तीन दिवस बसून होते म्हणे. बरोबर ऑफिसचा माणूस आणि पासपोर्टची पिशवी होती. पण एक अट होती. मशिनरी ताब्यात दिली जाईपर्यंत एकाने मागे राहायचं.

"फोरमन या फिर स्टोअरकीपर," तो माणूस म्हणाला, "कोई एक साइन करो. यल्ला, जल्दी."

स्टोअरकीपर मी होतो. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सही केली आणि मला म्हणाले, "बस गाडीत. आवशीक फोन कर."

ऑगस्टमध्ये ते त्याच खोलीत गेले. हृदय थांबलं. वॉचमनला सकाळी कळलं. त्यांना कुडाळला आणायला आणखी तीन आठवडे लागले.

मी पुण्याहून गेलो. काकूंनी मला जवळ बसवून घेतलं. "तूच मा तो स्टोअरातलो? ते फोनार सांगी होते, तो पोरगो आयकाचो नाय. मीच मागे रवतंय म्हणान हट्ट धरून बसललो. शेवटी ढकलून गाडयेत बसवलंय त्याका."

मी त्या दिवशी एक शब्दही बोललो नव्हतो. पासपोर्ट हातात पडताच सगळ्यांच्या आधी बसमध्ये चढलो होतो.

काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी होकारार्थी मान हलवली.