गळ्यातली टेप

माझा दादा टेलर होता, शाळेचे गणवेश शिवायचा. स्वभावाने इतका थंड, की गिऱ्हाईक अंगावर ओरडलं तरी हा शांतपणे सुईत दोरा ओवत बसायचा. आमच्या घरातला सगळा तापटपणा माझ्या, म्हणजे बहिणीच्या, वाट्याला आला.

वहिनी गेल्यावर पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत तो नि त्याची लेक, एवढाच संसार. लेक बारा वर्षांची, स्वमग्न. तिला फिट यायची, म्हणून दुपारी दोनला गोळी. घड्याळ तिला मिनिटासकट सांगता यायचं. पण दोन वाजून जायचे आणि गोळी डब्यातच राहायची. लाडाने शेफारलीय, असं मी दादाला कितीदा सुनावलं. एकदा तर तिला धरून गदागदा हलवलं. त्याची मला आजही लाज वाटते.

दादा मात्र शिवता शिवता तिच्याकडे बघत होता. इस्त्री तापून तिचा दिवा विझला की ती न सांगता कपडा पुढे करायची, एकदाही चुकायची नाही. नुसती वेळ झालेली तिला कळत नाही, समोर काहीतरी घडावं लागतं, हे त्याने ओळखलं. दोनला जेवायला उठताना तो गळ्यातली मापाची टेप काढून खुंटीला लावायचा. मी टेप काढली की तू गोळी घ्यायची, असं त्याने तिला सांगितलं. चार दिवस आठवण करून दिली, पाचव्या दिवशी तो गप्प राहिला. टेप खुंटीवर गेली आणि ती पाण्याचा पेला घेऊन आली. पुढे दीड वर्ष एक गोळी चुकली नाही. यामुळे मलाही वेळेवर जेवण मिळतं, असं तो हसून म्हणायचा.

एका सकाळी मशीनवरच त्याची मान कलली. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. घर माणसांनी भरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी लेक स्वयंपाकघरात धाडकन कोसळली, तोंडाला फेस. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं म्हणून मी डबा उघडला. तीन दिवसांच्या गोळ्या तशाच. बापाच्या दुःखात विसरली पोर, असं सगळे म्हणाले.

ती सावरल्यावर मी विचारलं, पहिल्यांदाच न रागावता.

"बाबांनी टेप काढली नाही," ती म्हणाली.

ती विसरली नव्हती. तीन दिवस त्या गर्दीत ती वाट बघत होती, आणि तिच्याकडे बघायला आम्हाला कुणालाच सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी टेप गळ्यात अडकवून मी मशीनपाशी बसले. मला धड बटण लावता येत नाही. दोनला उठले, टेप खुंटीला लावली. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. मला रडू आवरेना. मग तिने पाणी आणलं आणि गोळी गिळली.

"उद्या पण तू काढणार?"

"हो."

"परवा?"

"परवाही मीच."

तिचं समाधान झालं, ती पेला विसळायला गेली. मला पन्नाशी उलटलीय, गुडघे कुरकुरतात. माझ्यानंतर कोण, हे तिने विचारलं नाही. मी मात्र त्या खुंटीपाशी उभीच राहिले.